रात्रीतून वाळला तरच बॅगेत

उन्हाळ्याच्या सुट्टीला हलकं सामान घेऊन जायचं ठरवलंय म्हटल्यावर जो तो मला घड्या घालायच्या युक्त्या सांगायला लागला. कपड्यांच्या गुंडाळ्या कर, मोजे बुटांत कोंब, हवा काढून टाकायच्या पिशव्या घे. याने जागा वाचते, नाही असं नाही. पण वजनाचं काय? तीन किलो कपडे कसेही गुंडाळले तरी तीन किलोच राहतात. हवा काढायच्या पिशव्या तर मला जास्तच धोक्याच्या वाटतात, कारण बॅगेत मोकळी जागा दिसली की हात आपोआप कपाटाकडे वळतो.

मला हवी होती ती पाठीवर आहे हे विसरता येईल अशी बॅग. जिने चढताना, गाडी बदलताना, सकाळी लवकर पोचून खोली मिळेपर्यंत इकडेतिकडे भटकताना जिची अडचण होणार नाही अशी. मुक्काम दोन ठिकाणी होता. आधी समुद्रकाठ, म्हणजे घाम आणि चिकचिक. मग उंचावरचं कोरड्या हवेचं गाव, जिथे दुपारी ऊन भाजून काढतं आणि रात्री अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. वजनाची मर्यादा मी ७ किलो धरली. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमधल्या बॅगेला साधारण एवढीच मुभा देतात, आणि कुणीतरी आधीच ठरवून दिलेला आकडा असला की स्वतःशी घासाघीस करावी लागत नाही.

पहिलं काम वजनाचं. स्वयंपाकघरातला वजनकाटा पलंगावर आणून ठेवला आणि न्यायचे म्हणून काढलेले कपडे एकेक करून त्यावर टाकले. नवरा दारातून बघत होता.

"आता कपड्यांचंही माप काढणार?"

"तुझ्या जीन्सचंही काढते, थांब."

त्याची जीन्स भरली पाऊण किलोच्या वर, माझी ७०० ग्रॅम. हुडी ६०० ग्रॅम, आंघोळीचा जाड टॉवेल त्याहून थोडा कमी. उलट सुती टी-शर्ट १६० ग्रॅम आणि मलमलीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट अवघा ११० ग्रॅम. म्हणजे एका जीन्सच्या वजनात असे सहा शर्ट येतात. आणि खरा धक्का कपड्यांनी दिलाच नाही, तो दिला रिकाम्या बॅगेने. आमची चार चाकांची केबिन बॅग काहीही न भरता तीन किलोची निघाली! सातातले तीन तिनेच खाल्ले तर आपण भरायचं काय? ती तिथेच कपाटावर परत गेली आणि एक किलोच्या आसपासची साधी पाठीवरची बॅग खाली आली. दोन किलो वाचले आणि अजून एकही कपडा वगळलेला नव्हता. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी चाकं सोडू नयेत हे उघडच आहे, पण बाकीच्यांनी निदान एकदा आपली रिकामी बॅग काट्यावर ठेवून बघावी.

मग प्रश्न आला कपडे किती न्यायचे. आपल्याकडे हिशेब दिवसांचा असतो. जितके दिवस तितके शर्ट, वर 'असू दे, लागलं तर' म्हणून दोन. माझी आई तर फोनवरही 'असू दे गं' म्हणत होती. पण जरा विचार केला तर दिवसांचा संबंध येतो तो फक्त कपडे धुवायचेच नसतील तर. रात्री धुतलेला शर्ट सकाळी अंगात घालता येत असेल तर दोन शर्टांत महिनासुद्धा काढता येईल. तिसरा म्हणजे चैन. तेव्हा हिशेब दिवसांचा नाही, वाळायला लागणाऱ्या तासांचा आहे. आणि कुठला कपडा किती तासांत वाळतो हे दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, ते घरीच करून बघावं लागतं.

म्हणून कपड्यांची परीक्षा घेतली. रात्री जेवणं आटोपल्यावर सगळे उमेदवार बेसिनमध्ये हाताने धुतले, हातानेच पिळले. मशीन मुद्दाम वापरलं नाही, कारण मशीन जेवढं पाणी झटकतं तेवढं आपले हात झटकू शकत नाहीत आणि प्रवासात हातांवरच भिस्त. दोरी न्हाणीघरात बांधली, खिडकी बंद, पंखा नाही. वाईटात वाईट खोली मिळाली तर काय, हे बघायचं होतं. सकाळी कपडे हाताने चाचपण्याऐवजी पुन्हा काट्यावर ठेवले. हात फसवतो. गार कपडा ओला वाटतो आणि ओली शिवण बोटांना सापडतच नाही. काटा फसवत नाही. रात्रीचं कोरडं वजन आणि सकाळचं वजन यांतला फरक म्हणजे आत राहिलेलं पाणी.

पॉलिएस्टरचा खेळायचा टी-शर्ट पूर्ण कोरडा. मलमलीच्या शर्टात चार-पाच ग्रॅम ओल, तीही कॉलरला. लिननचा शर्ट बाकी सगळा वाळलेला, पण बटणपट्टी आणि कफ दमट. सुती टी-शर्ट, ज्याला आपण उन्हाळ्याचा हक्काचा कपडा समजतो, तो चांगला पस्तीस ग्रॅम पाणी धरून बसलेला. व्हिस्कोजचा (म्हणजे रेयॉनचा) टॉप ओल्या वजनाने ताणून चार बोटं लांब झाला होता. व्हिस्कोज ओलं झालं की कमकुवत होतं, ते पिळायचंच नसतं, त्यामुळे त्यात पाणीही राहतं आणि कपडाही बिघडतो. आणि जीन्समध्ये पाव किलोहून जास्त पाणी, कमरपट्टा तर जणू आत्ताच बादलीतून काढलाय.

यामागचं कारण थोडं धाग्यात आहे. कापूस वाळलेला दिसतो तेव्हाही हवेतून घेतलेलं थोडं पाणी त्याच्यात असतंच. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत हे प्रमाण कापसात त्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, लिननमध्ये १२ च्या आसपास, लोकरीत १६ च्या आसपास असतं. पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. तिथे पाणी धाग्याच्या आत शिरतच नाही, धाग्यांच्या मधल्या फटींत अडकतं आणि तिथून लवकर उडून जातं. पण माझ्या न्हाणीघरात धाग्यापेक्षा जाडीने जास्त फरक पाडला. मलमलही कापूसच आणि टी-शर्टही कापूसच. मलमलीच्या एका चौरस मीटरचं वजन १०० ग्रॅमच्याही आत असतं, नेहमीच्या टी-शर्टचं १८० च्या आसपास आणि जाड डेनिमचं ४००. हा आकडा जीएसएम म्हणून बऱ्याचदा कपड्याच्या माहितीत दिलेला असतो, आणि उन्हाळ्याचे कपडे घेताना मी आता तो रंगाच्याही आधी बघते. 'प्युअर कॉटन' एवढ्यावर कपडा हलका किंवा थंड ठरत नाही.

इथपर्यंत आल्यावर सगळंच पॉलिएस्टरचं न्यावं असं कुणालाही वाटेल. नवऱ्याने तेच ठरवलं होतं. पण पॉलिएस्टरचा दुसरा गुण नाकाला कळतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायाम करून घामेजलेले शर्ट एक दिवसाहून जास्त वेळ ठेवून मग हुंगायला दिले होते (हे काम करणाऱ्यांना माझा नमस्कार). सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास जास्त नकोसा ठरला, आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर अधिक वाढलेले दिसले. म्हणजे सुती कपडा उशिरा वाळतो पण एखादं दिवस धुतला नाही तरी चालवून घेतो. पॉलिएस्टर झटकन वाळतं आणि रोज धुवावंच लागतं. आमच्या घरात तोडगा निघाला तो असा, की चालायच्या, चढायच्या दिवसासाठी पॉलिएस्टरचा एकच टी-शर्ट आणि बाकी सगळं पातळ सुती किंवा लिनन.

रंगावर मात्र माझं मत बदललं. उन्हाळा म्हणजे पांढरे आणि फिके रंग, गडद रंग ऊन पितो, हे लहानपणापासून ऐकलेलं. ते खोटंही नाही, गडद कापड जास्त उष्णता शोषतंच. पण १९८० साली 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध आला होता. वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, याचा. संशोधकांनी भर उन्हात काळा झगा आणि पांढरा झगा घालून मापं घेतली, तर त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. काळ्या कापडाने जास्त उष्णता घेतली खरी, पण झगा इतका सैल होता की ती आतल्या खेळत्या हवेबरोबर बाहेर निघून गेली. यातला कळीचा शब्द सैल. अंगाला चिकटलेल्या काळ्या टी-शर्टाला हे लागू नाही. माझा गडद निळा शर्ट यादीतून जाता जाता राहिला तो यामुळेच. तो मापाने एक नंबर मोठा आहे, डाग दाखवत नाही आणि ऊनही जास्त अडवतो.

ऊन अडवण्याचा भाग मी आधी कधी लक्षातच घेतला नव्हता. कापडाला यूपीएफ असा एक आकडा असतो. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येतो. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ ५ च्या आसपास धरतात, म्हणजे पाचवा भाग सरळ आत. ओला झाला की त्याहून कमी. पोहताना वर टी-शर्ट घातला की झालं, असं समजणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड बरंच जास्त अडवतं. मलमलीचा पांढरा शर्ट त्यामुळे माझ्याकडे सकाळ-संध्याकाळचा झाला आणि दुपारचं काम निळ्याकडे गेलं.

यात एक वजनाचा हिशेबही दडलेला आहे. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला नीट सनस्क्रीन लावायचं तर एका वेळेला सुमारे ३० मिली लागतं, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. विमानात हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही. म्हणजे एक बाटली तीन-चार वेळांत संपली. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट आणि पायघोळ पातळ पँट घातली की उरतात चेहरा, मान, हात आणि पावलं. तेवढ्यासाठी एक छोटी बाटली आठवडाभर पुरते. उन्हाळ्यात कमी कपडे म्हणजे हलकं सामान हा समज इथे उलटा पडतो. टोपीही म्हणूनच कडेने रुंद हवी. मान आणि कान झाकायचे तर कड साडेसात सेंटीमीटर तरी हवी. क्रिकेटच्या टोपीने नाक वाचतं, कान भाजतात.

सुरकुत्यांचं मी फार मनावर घेत नाही. कापूस आणि लिननच्या तंतूंमधले बंध ओलाव्याने सुटतात आणि वाळताना जसा कपडा असेल तसे पुन्हा जुळतात. त्यामुळे पिळून तसाच टाकलेला शर्ट सुरकुततो, आणि झटकून, हाताने ओढून हँगरवर लावलेला बऱ्यापैकी सरळ वाळतो. त्यातूनही राहिल्या तर गरम पाण्याने आंघोळ करताना शर्ट न्हाणीघरात टांगायचा. लिननच्या सुरकुत्या तरीही राहतात. त्या असू द्याव्यात, लिनन त्यातच शोभतं.

चपला-बुटांना वेळ घालवला नाही. बूट पायात, पट्ट्यांच्या सँडल बॅगेत, तिसरा जोड नाही. सँडल नव्या होत्या म्हणून निघायच्या आधी घरात घालून फिरत होते.

शेवटी बॅगेत गेलं ते असं. निळा शर्ट, मलमलीचा शर्ट, पॉलिएस्टरचा टी-शर्ट. दोन पातळ पँट, एक अंगावर एक आत. दोन्ही अशा रंगाच्या की तिन्हींपैकी कुठल्याही शर्टावर चालतील. एकाच शर्टावर जाणारी पँट कितीही आवडती असली तरी ती घरीच. अंतर्वस्त्रं तीन जोड, नायलॉनच्या कापडाची, कारण घामाने ओली झालेली सुती अंतर्वस्त्रं लांब चालण्यात मांड्या सोलवटून काढतात. रात्रीच्या गारव्यासाठी मेरिनो लोकरीचं पातळ पूर्ण बाह्यांचं बनियन. लोकर उन्हाळ्यात म्हणून नवरा हसला होता, पण ती सहजासहजी वास धरत नाही, त्यामुळे ती रात्री झोपायलाही चालली आणि थंडगार एसी लावलेल्या गाडीतही. जाड टॉवेलऐवजी पंचा. एक मोठी ओढणी, जी चादर, पडदा, उशी, काहीही होते. साबणाची वडी एकच, अंगालाही तीच आणि कपड्यांनाही. बाकी औषधं, चार्जर वगैरे धरून काटा साडेपाच किलोवर थांबला. नवऱ्याने जीन्स सोडली नाही. ती त्याने अंगात घातली, आणि जड कपडा प्रवासात अंगावर हा नियमच असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

समुद्रकाठी पोचल्यावर घरची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागली. दमट हवेत आधीच इतकं पाणी असतं की कपड्यातलं पाणी तिच्यात शिरायला नाखूश असतं. घामाचंही तेच. घाम गार करतो तो उडून जाताना. एक लिटर घाम उडाला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता अंगावेगळी होते. पण तो उडायच्या ऐवजी ओघळला तर काहीच नाही, नुसती चिकचिक. अशा हवेत सैल कपडा आणि वारा, दोनच गोष्टी कामाच्या. खुर्चीवर टाकलेला मलमलीचा शर्ट, जो घरी बंद न्हाणीघरात वाळला होता, इथे पहाटे दमटच.

दुसऱ्या रात्रीपासून पद्धत बदलली. शर्ट धुऊन पिळला की कोरड्या पंचावर पसरायचा, दोन्हींची मिळून गुंडाळी करायची आणि दोन टोकांना दोघांनी धरून उलटसुलट पिळायची. पंचा भिजतो, शर्ट अर्धा वाळलेलाच बाहेर येतो. मग दोरी खिडकीशी न बांधता एसीच्या झोतासमोर बांधायची. एसी हवेतला ओलावा काढून बाहेर टाकतो, तेव्हा दमट गावात खोलीतली सगळ्यात कोरडी हवा तिथेच असते. एसी नसेल तर पंख्याखाली, आणि कपडे एकमेकांना न टेकवता.

"सुट्टीवर आलोय की धोब्याकडे?" पंच्याचं दुसरं टोक धरून पिळता पिळता नवरा म्हणाला. खरं तर रोज रात्रीचा हा उद्योग दहा मिनिटांपेक्षा जास्त नव्हता, पण ज्यांना तो मनापासून नकोसा वाटेल त्यांनी सरळ दोन शर्ट जास्त न्यावेत. दोन मलमलीचे शर्ट म्हणजे २२० ग्रॅम, त्यासाठी सुट्टीत चिडचिड कशाला?

उंचावरच्या गावात याची गरजच पडली नाही. कोरडी हवा आणि वारा. दुपारी धुतलेली पँट चहाच्या वेळेला वाळलेली. नवऱ्याची जीन्स मात्र तिथेही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गच्चीवर होती आणि तोवर तो माझ्या पँटीत मावत नसल्यामुळे खोलीत पुस्तक वाचत बसला होता.

पुढच्या वेळेसाठी दोन बदल लिहून ठेवलेत. पॉलिएस्टरचा टी-शर्ट मी चढणीच्या दिवसांपुरताच घातला, त्याच्या जागी आणखी एक मलमलीचा चालेल. आणि पँट घेताना खिशांचं अस्तर बघायचं. बाहेरचं कापड कितीही पातळ असलं तरी आत जाड सुती खिसे असतील तर तेच सगळ्यात शेवटी वाळतात. माझ्या एका पँटीचे होते. ती रात्रभर उलटी करून, खिसे बाहेर काढून टांगली की सकाळी घालता येत होती.